चिलटं पाहायला बुलढाण्याला

बुलढाण्याला जायचं ठरलं ते ह्यांच्या गोळ्यांवरून. ह्यांना कंपवात आहे आणि दीड महिन्यापासून गोळ्या बंद. "रोग तं जात नाही, मंग खाऊ काऊन?" एवढंच उत्तर. माझी पुतणी वैशाली तिथल्या एका कॉलेजात शिकवते. ती फोनवर म्हणाली, "काकू, काकाले इकडं आना. माह्याकडं कंपवात झालेले चिलटं हायेत."

सकाळी बालाजीचं दर्शन घेतलं, प्रसादाची केळी पिशवीत टाकली आणि देऊळगाव राजाहून एसटी धरली. दोघांनाही अर्धं तिकीट. पोळी-चटणी घरूनच न्यावी. चिखलीला गाडी थांबते, तिथे चहा घ्यावा. आम्ही ह्यांच्यासाठी अर्धाच कप भरून मागतो, म्हणजे सांडत नाही. बुलढाणा जवळ आलं की हवा गार लागते. मफलर पिशवीत वरच ठेवा.

वैशालीनं प्रयोगशाळेच्या दारातच अडवलं. "काकू, केळी बाहेर. त्याच्यावर बाहेरचे चिलटं येतात. माह्या चिलटांत मिसळले तं सारी मेहनत गेली."

बाहेर म्हणजे चपलांपाशी. तिथे प्रसाद कसा ठेवणार? मी म्हटलं, "मंग मी बी बाहेरच बसतो."

"बस. मी पाहून येतो अन् तुले सांगतो," हे म्हणाले.

शेवटी पायरीवर बसून आम्ही तिघांनी आणि तिथल्या शिपाईभाऊंनी डझनभर केळी संपवली, साबणानं हात धुतले आणि मगच आत गेलो.

आत काचेच्या नळ्या. तळाशी मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून ओतलेलं, अगदी शिऱ्यासारखं. वैशालीनं समजावलं, की माणसाच्या आजारात जो बिघाड असतो, तसाच ह्या चिलटांत मुद्दाम आणलेला आहे. औषध आधी त्यांच्यावर पाहायचं. "पाप नाही लागत का वं?" मी विचारलं. "मनाले लागते, काकू. म्हनून लागतील तेवढेच घेतो."

तिनं पहिली नळी टेबलावर आपटली. चिलटं खाली पडली आणि सरसर वर चढली. दुसरी, आजारी चिलटांची. दोन बोटं चढायची आणि घसरायची. हे खुर्ची ओढून बसले. तिसरीतही आजारीच, पण खाण्यात औषध. दहातली आठ वर गेली, दोन तळाशीच राहिली.

"बरे झाले हे?" ह्यांनी विचारलं.

"नाही, काका. रोग हायेच. चालनं सोपं झालं. अन् चिलटाले जमलं म्हनून मानसाले जमेलच, असंही नाही."

"अन् औषध बंद केलं तं?"

"मंग दुसऱ्या नळीसारखं. फक्त ते तुमच्यासारखे रुसून बंद करत नाहीत."

मग परतीची गाडी धरली. घरी दिवा लावून मी उठले, तर हे गोळ्यांचा डबा घेऊन बसलेले.

"आपन खालच्या दोघांतले निघालो तं?"

मला खोटं बोलवेना. "तं तसं कळंल," मी म्हटलं आणि पाणी दिलं.

अर्धं सदऱ्यावर सांडलं. गोळी पोटात गेली.