पांढरी, निळी आणि आईची पाठ

आमच्या घरात कापूस आणि किस्से एकाच पद्धतीने साचतात. ओट्यावर ढीग लागतो, येणारा-जाणारा त्यावर बसतो, आणि भाव येईपर्यंत कोणी हलवत नाही. गाडीच्या किश्श्यांचा ढीग पाच महिन्यांचा आहे. आता मला त्यावर बसवत नाही, म्हणून लिहून टाकतो.

मुळात गाडी घ्यायची होती आईसाठी. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण घरात ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तिच्या मणक्यातली गादी सरकलीय, डाव्या पायाला मुंग्या येतात. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याला दाखवायला या, पण शेतातल्या जीपमधून आणि एसटीतून अजिबात नको. उशीर केला तर एक दिवस पाऊल उचलायचंच बंद होईल.

मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. माझे आजोबा, म्हणजे आबा, म्हणाले, दारात नवी गाडी येणार आणि आपण भाड्याच्या गाडीतून जायचं? शहाद्यात लोक काय म्हणतील? आणि मग नवी गाडी कोणती, यावर बैठक बसली. ती उठेपर्यंत आईची पहिली तारीख निघून गेली.

घरातले निर्णय घेणारे तिघं. आबा, त्यांचे थोरले चिरंजीव जिभाऊ आणि धाकटे, म्हणजे माझे वडील, अण्णा. समोर दोन सेडान होत्या. ट्रायलला आलेल्या गाड्यांच्या रंगावरून घरात त्यांची नावं पडली, पांढरी आणि निळी. मी काही बोललो की उत्तर ठरलेलं होतं: "डिग्री पुरी करी नही, अन् गाडीनं ग्यान देस." आबांनी सातवीत शाळा सोडली, जिभाऊंनी बीए दुसऱ्या वर्षाला. या घरात शिक्षण सोडणारा मी पहिला नाही. घरी येऊन खरं सांगणारा पहिला आहे.

*

पांढरी घेऊन यायचा निखिल. नाशिकचा पोरगा, नवीन नोकरी, शुद्ध मराठी, कडक इस्त्री. पहिल्याच दिवशी त्याने उत्साहाने सांगितलं की गाडीत सहा एअरबॅग आहेत.

जिभाऊंनी बोटं मोजली. "आम्ही आठ जण शे. दोन जणस्नं काय?"

निखिल म्हणाला, "काका, ही फाइव्ह सीटर आहे."

"ते त्यास्नी लिखेल शे," आबा म्हणाले. "आपण कोठे लिखी देल शे?"

मग सहा एअरबॅगची वाटणी सुरू झाली. गंमत करत नाहीये. शेताच्या वाटणीला लागला नव्हता इतका वेळ लागला. एक आबांना, एक जिभाऊंना, एक मोठ्या आईला, म्हणजे जिभाऊंच्या बायकोला, एक अण्णांना. एक माझ्या वाट्याला आली, पण ती प्रेमाने नाही. गाडी चालवणार मी, आणि ती स्टिअरिंगमध्येच बसवलेली होती, तिथून काढता येत नव्हती. सहावी जिभाऊंच्या नातवाला, कारण वंशाचा दिवा. आईचा नंबर सातवा निघाला.

मी म्हटलं, अहो, गाडी तिच्यासाठी आहे. जिभाऊ शांतपणे म्हणाले, ती मधात बसेल, दोन्ही बाजूंनी माणसं आहेत, तिला वेगळी एअरबॅग कशाला?

निखिल खाली मान घालून ब्रोशर चाळत बसला होता. एअरबॅग माणसाच्या नावावर नसते, असं त्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नसावं, कारण कोणी विचारेल असं कोणाला वाटलंच नसेल.

*

निळी घेऊन यायचे सलीमभाई, नंदुरबारचे. आमच्यासारखीच अहिराणी, वर तोंडात तंबाखू. त्यामुळे निळीला सुरुवातीलाच दोन मार्क जास्त मिळाले.

पण निळीचं छत मागे उतरतं. आबा मागच्या सीटवर बसले आणि त्यांची टोपी छताला टेकली. एक नाही, दीड बोट. आबा टोपी झोपताना काढतात, बाकी कधी नाही. त्यांचं डोकं मी लहानपणी एकदा पाहिलं होतं, अजून आठवतं.

अण्णांनी सुचवलं की आबांनी जरा घसरून बसावं. आबा घसरले. टोपी सुटली, पण गुडघे पुढच्या सीटला लागले. मग जिभाऊंनी सुचवलं की टोपीची घडी जरा बसकी घालावी. घातली. आबा टपाल खात्याचे शिपाई दिसायला लागले. शेवटी मी म्हटलं, टोपी गाडीत काढून ठेवा ना.

ओट्यावर जी शांतता पसरली ती मी कॉलेज सोडल्याचं सांगितलं तेव्हाही नव्हती.

सलीमभाईंनी तंबाखूची पिंक टाकली आणि मामला सावरला. "आबा, तुम्ही पुढे बठा. टोपीवाला माणूस मांगे बठस का कधी?"

आबा पुढे गेले आणि खूश झाले. म्हणजे सीट मागे झुकते ती पुढची जागा, डॉक्टरांनी आईसाठी सांगितलेली, त्या दिवशी आबांची झाली.

*

जिभाऊंना निळीच हवी होती. कारण एकच, सनरूफ. पुढच्या वर्षी साखर कारखान्याच्या संचालकपदाला ते उभे राहणार आहेत. गेल्या वेळी उभे होते तेव्हा जीपमध्ये मागे उभं राहून नमस्कार करताना धुळीने त्यांचा चेहरा कोणाला दिसलाच नव्हता, म्हणून पडले. हे कारण त्यांचं आहे. माझ्याकडे दुसरी बरीच आहेत.

तर जिभाऊंनी सनरूफ उघडायला लावलं, सीटवर चढले आणि वर आले. डोकं आलं, खांदे आले, नमस्कार आला. पोट अर्धं आलं. आणि तिथेच ठरलं की पुढे यायचं नाही आणि मागेही जायचं नाही.

मी खालून पाय ओढत होतो. अण्णा बाहेरून सांगत होते की श्वास सोडा. जिभाऊंनी सोडला, पण त्यांच्याकडे साठा मोठा आहे. तोवर गल्लीतली पोरं जमली, दोन शेळ्या जमल्या, केळीचा ट्रॅक्टर वाटेत थांबला.

सलीमभाईंनी शांतपणे वर पाहिलं. "जिभाऊ, इतला लोके जमेल शेतस, आते भाषणच करी टाका."

आणि जिभाऊंनी खरंच केलं! सहा मिनिटं. उसाची तोड, पाण्याची पाळी, सभासदांचा स्वाभिमान. मी त्यांच्या बुटांना धरून खाली बसलो होतो. आई ओसरीच्या खांबाला टेकून हसत होती आणि हसताना पाठीवर हात दाबत होती. भाषणाच्या शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले, पोट आत गेलं, आणि उमेदवार धाडकन माझ्या मांडीवर आला.

*

अण्णांचा जीव पांढरीत होता. अण्णांना आयुष्यात दोनच गोष्टी कळतात, ठिबकचा दाब आणि गाडीचा ॲव्हरेज. निखिलने आकडा सांगितला, अण्णांचा विश्वास बसला नाही. ते म्हणाले, तोरणमाळला नेऊन बघू.

तोरणमाळचा घाट म्हणजे आमच्याकडे दर वळणावर देवाचं नाव घ्यायची जागा आहे. चढताना अण्णांनी एसी बंद केला, काचा बंद ठेवल्या, कारण उघड्या काचेने वारा अडतो आणि ॲव्हरेज पडतो. निखिलची इस्त्री पहिल्या पाच किलोमीटरमध्ये उतरली. वर तळ्याकाठी त्याने दोन ग्लास पाणी पिऊन मला विचारलं की तुमचे वडील नेहमीच असे आहेत का. मी म्हटलं, आज पाहुणे आहेत म्हणून जरा मोकळे आहेत.

उतरताना स्टिअरिंग अण्णांनी घेतलं. आणि पहिल्याच उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली.

निखिल म्हणाला, काका, गिअरमध्ये ठेवा. अण्णा म्हणाले, देवाने उतार फुकट दिलाय. निखिलने सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरला. मी मागे बसून ओरडत होतो, अण्णा ब्रेक मारत होते, खालून सागवानाची पानं घेऊन येणाऱ्या दोन बायका रस्ता सोडून कडेच्या दगडावर चढल्या. खाली सपाटीला लागलो तेव्हा स्क्रीनवर ॲव्हरेजचा आकडा नव्याण्णववर जाऊन अडकला होता. त्यापुढे त्या बिचाऱ्या मशीनला मोजता येत नसावं.

अण्णांनी त्याचा फोटो काढून भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पांढरी. स्वतः अनुभव घेतला."

रात्रीपर्यंत सतरा जणांचे अंगठे आले. निखिल दोन दिवस सुट्टीवर गेला.

*

आता यातला जो किस्सा सांगताना मला अजूनही हसू आणि राग एकदम येतो, तो.

आईची दुसरी तारीख आली. मी आदल्या दिवशी सलीमभाईंना फोन केला आणि खरं ते सांगितलं. ते म्हणाले, निळी ट्रायलच्या नावाखाली सकाळीच आणतो, आईला सुरतला नेऊन आण, शोरूमला मी बघून घेतो. सकाळी सातला गाडी दारात उभी! आई साडी बदलून, फाइल घेऊन तयार.

तेवढ्यात तळोद्याहून फोन. जिभाऊंच्या साडूचे वडील काल दुपारी गेले, संध्याकाळी अग्नीही दिला, वय एक्याण्णव. दारावर जायला हवं, म्हणजे सांत्वनाला, आणि ताबडतोब. जीप होती ना दारात. पण जिभाऊ निळीत जाऊन बसले, मागून मोठी आई, पुढे आबा. आबा आईला म्हणाले, मरण काही पुढे ढकलता येत नाही, तारीख ढकलता येते. आई फाइल घेऊन घरात गेली.

चालवायला मी. सोबत सलीमभाई, कारण गाडी त्यांच्या जबाबदारीवर. निळीच्या दोन्ही बाजूंच्या दारांवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, "टेस्ट ड्राइव्ह." आम्ही तसेच तळोद्याला दुःखाच्या दारात उतरलो.

मोठ्या आईने उतरताच गळा काढला. बायका आतून रडत आल्या. पुरुषांनी मात्र आधी दारावरची अक्षरं वाचली. एकाने टायरला लाथ मारून पाहिली. दुसऱ्याने डिकी उघडायला सांगितली. जिभाऊ डोळे पुसत होते, पण सनरूफचं बटण कुठे आहे ते त्यांनीच दाखवलं. दहा मिनिटांत आत फक्त बायका रडत होत्या आणि बाहेर बारा पुरुष ग्राउंड क्लिअरन्सवर वाद घालत होते.

निघताना गेलेल्या माणसाचा थोरला मुलगा, ताजं मुंडण, खांद्यावर पंचा, सलीमभाईंना बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, आता शिव्या खाऊ.

तो हळूच म्हणाला, "तेरावं व्हवू द्या. पांढरा रंगमा भेटी का?"

*

तिसरी तारीख मंगळवारची होती, दुपारी एकची. ही चुकली तर डॉक्टर दोन महिने भेटणार नव्हते. आईचा डावा पाय आता चपलेतून सुटायला लागला होता. ती चालताना मागे चप्पल राहायची आणि तिला कळायचंच नाही.

मी भाड्याची गाडी ठरवली होती. आबांनी परस्पर फोन करून ती रद्द केली. म्हणाले, मंगळवारी सकाळी फैसला करतो, नव्या गाडीतच जा.

सकाळी साडेसातला अंगणात दोन्ही गाड्या उभ्या. निखिल आणि सलीमभाई शेजारी शेजारी, एकमेकांना चुना-तंबाखू विचारत. निखिल आता खायला शिकला होता. ओट्यावर तिघं. आबांना पांढरी, कारण तिच्यात टोपी मागेही टेकत नाही. जिभाऊंना निळी, कारण कारखाना. अण्णांना पांढरी, पण मोठ्या भावाच्या तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून ते दोन्हींचे गुण सांगत होते. पावणेआठ झाले. आवाज चढले. जिभाऊंनी सत्तर सालचा बैलाचा सौदा काढला, म्हणजे आता अकरा वाजेपर्यंत कोणी उठत नव्हतं.

आई बाहेर आली. हातात फाइल, पाण्याची बाटली, पिशवीत दशम्या. ओट्याकडे तिने पाहिलंही नाही. निळीचं मागचं दार उघडून बसली, मिनिटभर, उतरली. मग पांढरीत पुढे बसली. खालचा खटका ओढला, सीट मागे गेली. तिने डोळे मिटले. पाच महिन्यांत मी तिचा चेहरा इतका सैल पाहिला नव्हता.

डोळे न उघडता तिने निखिलला विचारलं, "बेटा, तुम्ही ट्रायल कितला लांब देतस?"

निखिलने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "काकू, ग्राहकाचं समाधान होईपर्यंत."

"मंग बठ मांगे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्टिअरिंगवर बसलो आणि चावी फिरवली. पांढरीच्या मागे निळी आडवी उभी होती. सलीमभाई निळीत बसले आणि ती मागे घेऊन वाट करून दिली. ओट्यावरून कोणी मान वळवली नाही. बैलाचं शेपूट कोणी धरलं होतं यावर अडलं होतं.

प्रकाशाचा पूल गेला, नंदुरबार गेलं, नवापूर गेलं. निखिलने मागे बसून एकदाच विचारलं की आपण साधारण कुठपर्यंत जातोय. आईने त्याला दशमी दिली. सोनगडला मी पेट्रोल भरलं, तेव्हा तो गाढ झोपला होता.

पावणेअकराला आईचा फोन वाजला. अण्णा. फोनच्या स्पीकरवर अख्खा ओटा ऐकू येत होता, मागे आबा, त्यामागे जिभाऊ.

अण्णा म्हणाले, "कोठे शे तू? घरमा दिसनी नही. आठे काही मिटी नही ऱ्हायनं. आबा म्हणतस, एक डाव तुलेबी इचारी लेवो. कोणती लेवानी?"

आईने सीट अजून एक खाच मागे घेतली.

"जिन्हामा मी बठेल शे, ती."