भाला मोडलेला मावळा

आज वसतिगृहाच्या खिडक्यांना ऑइलपेंट लावत होते. त्या वासानं मला फुलंब्रीतली लहानपणची एक दिवाळी आठवली. माझे वडील, अण्णा, आणि मी अंगणातल्या किल्ल्यासाठी रंग उडालेले मातीचे मावळे पुन्हा रंगवत होतो. माझ्या हातून एकाचा भाला मोडला. "आता ह्याला किल्ल्यावर कोण घेईल?" मी रडवेली झाले.

"हा लढाईला नाय, शाळंत जाईल," म्हणत अण्णांनी आगकाडीच्या टोकानं त्याला पांढरा सदरा रंगवला.

"एकटाच? करमंल का त्याला?"

"थोडे दिवस नाय करमायचं. मग करमंल."

आणि त्याला त्यांनी किल्ल्यावर सगळ्यात उंच उभं केलं.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अजून करमत नाही. पण अण्णांनी थोडे दिवस सांगितले होते.