विलासकडची मूळ प्रत

विलास गेल्याची बातमी मंडळाच्या ग्रुपवर आली, सोबत त्याचा एक फोटो. इकडून तिकडे पाठवून पाठवून इतका पुसट झालेला, की डोळे कुठे आणि चष्मा कुठे ते कळेना. ज्यानं आर. के. पुरमच्या आमच्या मराठी मंडळाचे वीस वर्षं फोटो काढले, त्याच्या वाट्याला हे! तो टाकणाऱ्या सेक्रेटरींना मी मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत.

विलासचं आणि माझं टेबल ऑफिसात शेजारी शेजारी. मंडळाचा कार्यक्रम झाला की तो आठवडाभर डबा खाता खाता फोटो लहान करत बसायचा. ग्रुपसाठी लहान प्रत, छापायला मूळ प्रत, हा त्याचा शिरस्ता. सगळे एका फटक्यात लहान करून टाकणं त्याला मान्य नव्हतं. एकेक फोटो फोनएवढा करून बघायचा. "अरे, आजींची नथ गेली यार," म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि ग्रुपवर टाकताना दरवेळी लिहायचा, छापायचं असेल तर माझ्याकडून मोठी प्रत मागून घ्या.

सेक्रेटरींनी मागितली नाही. रौप्यमहोत्सवाला ग्रुपवरचाच फोटो उचलून भिंतभर फ्लेक्स केला. सगळ्यांच्या चेहऱ्यांचे नुसते चौकोन झाले. लोक हसायला लागल्यावर हा गृहस्थ माइक घेऊन म्हणाला, "विलासरावांचा कॅमेरा आता रिटायर करायला हवा!" टाळ्या पडल्या. विलास पहिल्याच रांगेत होता… उठला आणि शांतपणे बाहेर गेला. त्यानंतर त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. दोन वर्षांनी गेला. हृदय कमकुवत होतं म्हणे. असेल. मला त्या टाळ्याच ऐकू येतात.

विलासच्या पत्नी सुनंदावहिनींनी त्याची फोटोंची डिस्क माझ्याकडे सोपवली. तेराव्यानंतर सेक्रेटरी हजर.

"आईचा हळदीकुंकवातला फोटो हवा होता. वर्षश्राद्धाला फ्रेम करायचीय. माझ्याकडे ग्रुपवरचाच आहे, मोठा केला की बिल्कुल फाटतो."

"पुढच्या सभेत माइक घ्या आणि सांगा, चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझी होती. त्याच दिवशी फोटो देतो."

"अहो, माणूसच राहिला नाही, आता कशाला?"

"म्हणूनच."

ते गेल्यावर मी डिस्क लावली. आजी सापडल्या, नथीतला मोती न् मोती दिसत होता. फाइलचं नाव होतं 'सेक्रेटरींच्या आई, फ्रेमसाठी'. तारीख गेल्या वर्षीची, आजी गेल्या त्या आठवड्यातली. अपमान गिळून विलासनं प्रत तयार करून ठेवली होती… मागतील म्हणून.

तो देऊन मोकळा झाला असता. मी विलास नाही.

सभा झाली. सेक्रेटरींनी माइकवरून विलासला श्रद्धांजली वाहिली, फ्लेक्सचं नावही काढलं नाही. परवा वर्षश्राद्ध झालं, ग्रुपवर फ्रेमचा फोटो आला. आजींच्या चेहऱ्याचे चौकोन झाले होते. विलासच्या चष्मा पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली डिस्क माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि किल्ली माझ्या खिशात.