भंगारातले निळे ड्रम

१२ फेब्रुवारी. कारेगावातल्या आमच्या गच्चीवर मी पापड वाळत घालत होते. शेजारचे आप्पा लागूनच असलेल्या त्यांच्या गच्चीवर ड्रमांत लावलेल्या मेथीला पाणी देत होते. भंगारातल्या दोन निळ्या ड्रमांवरून ते वीस ड्रमांवर पोचले होते. पहिली जुडी नेहमी शेजाऱ्यांना. माणसाशी बोलतानाही त्यांची नजर रोपांवर असायची.

एका रिकाम्या ड्रमावरचं इंग्रजी लेबल मी वाचलं. "आप्पा, यात विषारी केमिकल होतं."

"तीनदा धुतल्यात की!" पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत म्हणाले.

प्लास्टिकात मुरलेलं धुऊन जात नाही, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी सगळी मेथी उपटली आणि दारोदार जाऊन सांगितलं, "माझी मेथी खाऊ नगा. चूक माझीच हाय."

१३ फेब्रुवारी. सकाळी मी आमचा पिण्याच्या पाण्याचा ड्रम रिकामा केला. तोही निळा, त्यांनीच आणून दिलेला. त्यांना मी सांगितलं नाही.