फाटकात उघडलेली पिशवी

"मॅडम, अथीच उघडा. सगळ्याइच्या समोर. होऊन जाऊ द्या एकदाचा फैसला!"

घरमालक वानखडे काकाजी फाटकात उभे राहून ओरडत होते. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेला माणूस, आवाजाला माइक लागत नाही. त्यांच्या पायाशी काळी पिशवी, गच्च गाठ मारलेली, एका बाजूनं कुत्र्यानं फाडलेली. भोवती बिल्डिंगमधले भाडेकरू आणि समोरच्या घरातल्या दोन बाया. मधोमध मी, नगर परिषदेची सॅनिटरी इन्स्पेक्टर, हातमोजे चढवत होते.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत आहे. गावाचं नाव सांगत नाही. माहेर केनवडचं, एवढं चालेल. माझं काम म्हणजे गावातला कचरा उचलला जातो की नाही ते पाहायचं, आणि नाही उचलला गेला तर लोकांच्या शिव्या खायच्या. लोकांना वाटतं आमच्याकडे नाल्या तुंबल्याच्या तक्रारी जास्त येतात. छे! डोकं उठवतात ती घरमालक-भाडेकरूंची भांडणं. खाली मालक राहतो, वर दोन मजले चढवून वन बीएचके भाड्यानं देतो. जिना एक, फाटक एक. नकाशात पार्किंग असतं, बोअर असतो, कचऱ्याच्या डब्याला जागा कोणीच ठेवत नाही. मग मालक म्हणतो भाडेकरूचा कचरा, भाडेकरू म्हणतो मालकाचा.

काकाजींच्या बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवर एक-दोन दिवसाआड काळी पिशवी पडायची. कुत्री ती फाडून थेट काकाजींच्या ओट्यावर आणायची. मे महिन्यातला वास काय असतो ते सांगायला नको. पिशवी कोणाची विचारलं की सगळे आकाशाकडे पाहायचे. काकाजींचा संशय दुसऱ्या मजल्यावरच्या गजानन इंगोलेवर होता. हा इंझोरीचा, कृषी सेवा केंद्रात कामाला. बायको सुनीता घरीच शिलाई करायची. पिशवी त्याची निघाली तर रूम खाली करायची, असं काकाजींनी त्याला तोंडावर सांगून ठेवलं होतं.

कचऱ्याचा मालक शोधायची आमची रीत साधी आहे. पिशवी उघडायची. आत कुरिअरचं पाकीट, औषधाची चिठ्ठी, पोरांची वही, काही ना काही नावाचं सापडतंच. या कामात मी पटाईत, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

मी काठी हातात घेतली तेवढ्यात गजानन पुढे आला. हातात हेल्मेट, दुकानात निघालेला. अगदी जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, पिशवी माझीच आहे. दंड भरतो. उघडू नका."

इथं विषय संपला होता. माणसानं कबूल केलं होतं, मला दंडाची पावती फाडून घरी जाता आलं असतं. पण त्या पिशवीपायी मी भर उन्हात किती चकरा मारल्या होत्या, आणि दर वेळी हाच माणूस 'माहीत नाही' म्हणाला होता. माझं डोकं फिरलं. शिवाय लोक पाहत होते, तेही खरं.

"आता काहून नको? इतके दिवस तोंड शिवलं होतं का?" असं म्हणून मी गाठ कापली.

वर भाजीची सालं निघाली. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी. मी काठीनं एक उलगडलं, मग दुसरं. डायपर होते. मोठे.

"बाई गं," वानखडे काकू म्हणाल्या, "हे लेकराचे नोहेत."

काकाजींनी वर पाहिलं, मग गजाननकडे. "तुमी तं दोघंच राह्यता न? वर कोन आहे?"

"आई आहे," गजानन म्हणाला. "लकवा मारला तिले. गावात पाह्यणारं कोनी नाही. अथी डॉक्टर व्यायाम शिकवतात, आमी घरी करून घेतो, म्हनून आनली."

भाड्यानं देताना काकाजींनी दोनच माणसं अशी अट घातली होती, बोअरचं पाणी पुरत नाही म्हणून. काकाजी सहकुटुंब कारंज्याला लग्नाला गेले तेव्हा या दोघांनी म्हातारीला खुर्चीत बसवून वर चढवलं होतं. तेव्हापासून ती माय खिडकीत आली नव्हती की मोठ्यानं बोलली नव्हती.

मी तेव्हा तरी पिशवी बंद करायला हवी होती. नाही केली. फोटो काढला आणि भाषण ठोकलं. डायपर कागदात गुंडाळून, वर खूण करून, घंटागाडीत वेगळे द्यायचे असतात, गाडीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, वाचता येत नाही का, वगैरे. लिहिलंय हे खरं. पण गाडीत डबे दोनच, ओल्याचा आणि सुक्याचा. डायपर दिसले की गाडीवाले पिशवी परत हातात देतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. गजाननच्या हातातही त्यांनी ती परत दिली होती, म्हणून तो मागच्या प्लॉटवर टाकत होता. तरी मी बोलत सुटले आणि शेवटी म्हणाले, "एका माणसाच्या घाणीपायी साऱ्या बिल्डिंगनं नाक धरून राहायचं का?"

लाइट गेलेली होती, त्यामुळे वरचा कूलर बंद होता. गजाननच्या घराची खिडकी बरोबर माझ्या डोक्यावर होती.

गजानन खाली बसला आणि ते सगळं उघड्या हातांनी गोळा करून पुन्हा गाठ मारली. काकाजी जरा नरमले. "हा महिना देतो," ते म्हणाले, तेही त्यांच्या कंट्रोलरच्या आवाजात. "पन कचऱ्याची आनखी एक तक्रार झाली, तं बुढीले घेऊन खाली करा."

सीओ साहेबांना, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांना, मी फोटो पाठवला. "शाब्बास मॅडम, अशीच कारवाई पाहिजे," असं उत्तर आलं. मी ते नवऱ्याला वाचूनसुद्धा दाखवलं.

त्याच आठवड्यात काकाजींचा फोन आला. "मॅडम, कमाल केली तुमी! पिशवी बंद. प्लॉट एकदम साफ."

मी खूश झाले, पण मनात किडा वळवळला. डायपर असे कसे बंद होतील? नक्की नाल्यात टाकत असणार. रंगेहाथ धरायचं ठरवून मी दुपारीच गेले आणि सरळ वर चढले. सुनीतानं दार उघडलं. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"पिशवी कुठं टाकता आता?" मी दारातूनच विचारलं.

"टाकाले काही राह्यलंच नाही मॅडम," ती म्हणाली, आणि एकदम रडायला लागली. "आई पानीच पीत नाही. त्या दिवसापासून. दोन चमचे झाले का ओठ दाबून धरते. भाकर बी नाही खात, दवाखान्यात बी येत नाही. म्हनते, माह्यापायी पोराले घर सोडा लागन."

आत लोखंडी पलंगावर म्हातारी पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठांना भेगा. माझ्याकडे पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला. शब्द जड येत होते, पण कळत होते.

"बसा बाई. आता नाही न होत तरास तुमाले?"

मला तोंड लपवायला जागा पुरेना. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगात पाणी उरलं नाही की असं होतं, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं. मी ग्लास तिच्या तोंडाला लावला. तिनं मान फिरवली.

मी धावत खाली गेले. "काकाजी, गाडी काढा."

"काय झालं?"

"तुमच्या-माझ्या बोलण्यापायी ती बुढी पाणी सोडून बसली. मरून जाईल."

काकाजी चावी घेऊन निघाले, पायात चप्पल न घालता. ज्या खुर्चीतून तिला चोरून वर नेलं होतं, त्याच खुर्चीतून आम्ही तिला खाली आणलं. पायाकडून काकाजींनी धरलं होतं. ती म्हणत होती, "मालक, तुमी नोका हात लावू," आणि काकाजी म्हणत होते, "गप राह्य माय, गप राह्य."

दवाखान्यात सलाईन लागलं. उन्हाळ्यात आणखी उशीर झाला असता तर किडनी गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. "पाणी का बंद केलं हिचं?" त्यांनी चिडून विचारलं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत राहिले. तोपर्यंत गजानन दुकानातून धावत आला होता. त्यानं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

म्हातारी वाचली. परत आली तेव्हा काकाजींनी स्वतः फाटक उघडलं. महिन्याची मुदत संपली, तरी त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. बोअरला पाणी कमी पडलं तर टँकर बोलावतात आणि ओरडतात, पण टँकरवाल्यावर.

मी सीओ साहेबांकडे गेले. "साहेब, घंटागाडीले तिसरा डबा पाहिजे."

"बजेट पाहू."

"तोपर्यंत जुना ड्रम बांधू द्या. आणि त्या फोटोबद्दल शाब्बासकी दिली होती, ती परत घ्या."

शाब्बासकी काही त्यांनी परत घेतली नाही. ड्रम मात्र बांधला गेला. गाडीवाले अजून कुरकुरतात, पण उचलतात. नगर परिषदेच्या तक्रार-ॲपवरची काकाजींच्या तक्रारीची नोंद त्याआधीच 'समाधानकारक निकाली' म्हणून बंद झालेली होती. ती पुन्हा उघडायची सोय नाही.

त्यानंतर मी कोणाची पिशवी फाटकात उघडलेली नाही. कबूल करणाऱ्याची तर नाहीच. बाकीच्या पिशव्या ऑफिसच्या मागं नेऊन उघडते, आणि सापडलेल्या माणसाशी त्याच्या घरात बसून, दार लोटून बोलते. हळू आवाजात बोलणं मला नीट जमत नाही, पण बोलते. नव्या मुलांनाही हेच शिकवते, का ते मात्र सांगत नाही.

मध्ये एकदा वर जाऊन आले. म्हातारी तब्येतीनं बरी दिसत होती, उशाला टेकून बसली होती. सुनीता मशीनवर होती म्हणून पाणी मीच दिलं. म्हातारीनं माझ्या हातून अर्धा ग्लास घेतला आणि थांबली.

"प्या ना आई, सगळं प्या," मी म्हणाले.

"बस झालं, बाई," ती म्हणाली. "मंग पिशवी तुमालेच उचला लागते."