बिनरोलचा फोटो

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी फोटो काढायला शिकत होतो त्या जुन्नरच्या स्टुडिओत शेठनं कॅमेऱ्याची पाठ खटकन उघडली आणि ठकूमावशीच्या तोंडापुढं धरली. "बघ म्हातारे. आत रोलच न्हाई. तुमच्यासारख्यांवर रोल घालवला तर माझं दुकान चालंल का?" बाकावरची गिऱ्हाईकं हसली.

ठकूमावशी माझ्याच गावची. डोंगरातली. मी एका लग्नात काढलेला फोटो मागायला तिसऱ्यांदा आली होती, घाट पायी उतरून, मग एसटीनं. ती माझ्याकडं वळली.

"तुला ठावं व्हतं का रं?"

"न्हाई मावशी."

मला माहीत होतं.

मी तेव्हा बावीसचा. शेठ म्हणायचा, "हात बसल्याबिगर रोलला शिवायचं न्हाई." म्हणून रिकाम्या कॅमेऱ्यावर सराव. एक दिवस नुसता फोकस, बुबुळावर. एक दिवस नुसतं श्वास रोखून बटण दाबणं. शिकवणं खोटं नव्हतं. सरावाला माणसं कुठली द्यायची, ते शेठनं ठरवलेलं होतं.

त्याआधीचं, पिंपरी पेंढारला एका बागायतदाराच्या घरचं लग्न. भरलेला कॅमेरा शेठकडं, मानाच्या पाहुण्यांसाठी. रिकामा माझ्याकडं. "मागं भाकऱ्या थापणाऱ्या बाया फोटो फोटो करत्यात. त्यांच्यावर हात साफ कर. नुसता फ्लॅश मार, खूश व्हत्यात."

त्या बायांत ठकूमावशी आणि तिची लेक हौसा. हौसाचं लग्न ठरलेलं, लांब, कल्याणकडं. मावशीनं हाताचं पीठ पुसलं, पदर सारखा केला, लेकीला जवळ ओढलं. "आपल्या गावचा पोरगा हाये, नीट काढंल. ए, माजं दात दिसू दिऊ नको हां!" बाया खिदळल्या.

कनातीच्या फटीतून बाजूनं उजेड येत होता. मी दोघींना अर्धं पाऊल सरकवलं. बुबुळावर फोकस. श्वास रोखला. तोवरची माझी सगळ्यात चांगली फ्रेम. आत काही नव्हतं. आणि मला लाज वाटली नाही. जमलं, याचा आनंद झाला.

स्टुडिओतल्या त्या दिवसानंतर कळंबच्या लग्नात शेठनं पुन्हा रिकामा कॅमेरा दिला. मी म्हणालो, "रोल द्या, नायतर बटण दाबनार न्हाई." त्यानं मांडवातूनच हाकललं. "चार दिस कॅमेरा धरला नि सायब झाला का?" हा प्रसंग मी लई जणांना सांगितलाय. स्वतःचा स्टुडिओ टाकल्यावर शिकायला येणाऱ्या पोरांनाही. शाबासकी घेतली. आधीचं "न्हाई मावशी" गाळून.

पुढं मावशी वारली. दहाव्याला हौसा भेटली. "दादा, आयचा एकबी फोटो न्हाई रं. तुज्याकडं त्यो लग्नातला आसंल का? रोल खराब झाला, म्हनली व्हती आय."

म्हणजे मावशीनं लेकीलाही खरं सांगितलं नव्हतं. गावच्या पोराची अब्रू झाकली होती.

मी नाही म्हणून मान हलवली.

आज माझ्या हाताखाली कुणी रिकामा कॅमेरा माणसावर धरत नाही. सराव करायचा तर झाडावर, दगडावर, नाहीतर माझ्या तोंडावर. हे चालूच राहील. पण त्यानं माझं भागत नाही. तो फोटो मी आता देऊ शकत नाही. हौसाच्या दारात जाऊन, तिच्या घरच्यांसमोर, रोल खराब झाला नव्हता, रोल नव्हताच, आणि मला ते माहीत होतं, एवढं तोंडानं सांगणं, हे मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.