आठ टोकांचा बर्फ

थर्माकोलचा मला मनापासून तिटकारा आहे. त्यावर नख घासल्याचा आवाज आला की माझे दात आंबतात. त्या आठवड्यात तर आमच्या शाळेत प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

मी मुकुंदवाडीच्या बाजूच्या एका खाजगी शाळेत सहावीला विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी आमच्या संस्थेनं शाळेच्या प्रदर्शनासाठी 'बर्फाची दुनिया' असा विषय ठरवला. हा विषय कोणत्या डोक्यातून निघाला ते मी शोधायच्या भानगडीत पडलो नाही. आमच्याकडे जानेवारीतसुद्धा दुपारी मुलं स्वेटर कमरेला बांधून फिरतात. पण विषय वरून आला म्हणजे आला. मग टीव्हीच्या आणि फ्रीजच्या खोक्यांतला थर्माकोल घरोघरी किसला जाऊ लागला.

किसला म्हणजे खरोखरच किसणीवर किसला. एका मुलीची आई मला फाटकापाशी मोठ्या कौतुकानं म्हणाली, "गाजराची किसणी घेतली सर, लई बारीक पडतं."

"आणि मग गाजरं?"

"धुतली की किसणी."

त्यानंतर मी कोणत्याही पालकाच्या घरी गाजराचा हलवा खाल्लेला नाही. तो भुगा पिशव्यांतून शाळेत आला आणि पंख्याच्या वाऱ्यानं सगळीकडे उडाला. मुलांच्या केसांत, खडूच्या डब्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर. एके दिवशी डब्यातल्या मटकीच्या उसळीत काहीतरी दाताखाली चुरचुरलं. थुंकून पाहिलं तर पांढरा दाणा. मी डबा बंद केला आणि त्या दिवशी उपाशीच शिकवलं.

या सगळ्यात निदान माझ्या वर्गाला तरी बर्फ म्हणजे काय ते खरंखुरं कळावं, असं मी ठरवलं होतं. हौस माझीच. पहिल्या दिवशी विचारलं, बर्फ कुणी पाहिलाय? सगळे हात वर. गोळ्याचा, फ्रीजचा, रसवंतीचा. एकानं गारा सांगितल्या, त्याच्या मामाच्या मोसंबीच्या बागेची त्यांनी चाळण केली होती. मी म्हटलं, गार म्हणजे पाण्याचा थेंब गोठून त्यावर थरावर थर चढलेला गोळा. डोंगरांवर पडतो तो हिमकण वेगळा. तिथं हवेतली वाफ एखाद्या धुळीच्या कणावर बसते आणि पाणी न होता एकदम बर्फच होते. चाळीस तोंडं माझ्याकडे बघत राहिली. त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं, हे मला दिसत होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, गोणपाटात गुंडाळून, माझ्या स्कूटरवर पायांपाशी ठेवून. विजार गुडघ्यापर्यंत भिजली. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि खडेमीठ घातलं, पेला बाहेरून कोरडा पुसला आणि त्यावर हिम धरायची वाट पाहिली. पेल्यावर नुसतं पाणी जमलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पेल्याला घाम आला." वर्ग हसला. मीठ कमी पडलं होतं, चूक माझी होती, आणि मी चिडलो मात्र त्यांच्यावर.

तिसऱ्या दिवशी मीठ दणकून घातलं. थोड्या वेळानं पेल्याच्या बुडाशी बाहेरून पांढरी बुरशी धरल्यासारखा थर दिसायला लागला. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून बघू लागली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं नखानं तो थर खरवडला, बोटावर धरला आणि म्हणाली, "सर, हे मधी पाणी झालंच नाय."

सगळा धडा तिनं एका वाक्यात सांगितला होता. तिचे वडील रिक्षा चालवतात, स्टेशनजवळ एका खोलीत राहतात. वर्गात फारशी बोलत नाही. त्या दिवसापासून मात्र ती रोज काहीतरी विचारायला लागली. पुस्तकातल्या हिमकणाला सहाच हात का, पाच का नाहीत? मी सांगितलं, पाण्याचे कण थंडीत एकमेकांना धरतात ते षट्कोनातच, त्यामुळे वाढ होते ती सहा बाजूंनी. दोन हिमकण एकसारखे दिसत नाहीत, पण हात सहाच. आठ तर कधीच नाहीत.

हे आठ मी उगाच नव्हतो म्हणालो. आमच्या लोकांच्या बोटांना कागदाची एकच घडी येते. गणपतीची आरास असो, जयंतीच्या पताका असोत, कागद अर्धा दुमडायचा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा, कात्री मारायची आणि उघडायचा. आठ पाकळ्या. पिढ्यान् पिढ्या हेच. सहा हात हवे असतील तर अर्धा केल्यावर त्याचे तीन सारखे भाग करावे लागतात, आणि तिथं बोटं अडतात. मी एक अख्खा तास ती तीन भागांची घडी शिकवली. प्रत्येक बाकापाशी जाऊन, बोटं धरून. सगळ्यांना जमली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी घरून करून आणलेले हिमकण गोळा केले. जवळजवळ सगळे आठ टोकांचे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आई म्हणली, सर चुकले असतील. अशी वाकडी घडी कुठं असती का?"

कुणाच्या ताईनं सुधारून दिलं होतं, कुणाच्या आजोबांनी. काहींनी तर कष्टही घेतले नव्हते, औरंगपुऱ्याच्या बाजारातून चमकी लावलेले तयार हिमकण पाकिटातून आणले होते, तेही आठ टोकांचेच. मुख्याध्यापिका बाईंना ते इतके आवडले की त्यांनी आणखी पाकिटं मागवून अख्ख्या व्हरांड्यात दोऱ्यांना लटकवले. मी त्यांना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "सर, शोभेला आहेत, विज्ञानाला नाहीत." मला किळस आली, पण मी स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्यायलो.

सहा हात एकीनंच आणले होते. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनं. वहीच्या पाठच्या कोऱ्या पानांचे पंधरा-वीस हिमकण, प्रत्येकाची कातरण वेगळी. आणि पेला, बर्फ, मीठ घेऊन प्रयोगही तीच मांडणार होती. प्रत्येक वर्गातून एकच प्रयोग जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचा होता. तिला जायचं होतं. तिनं मला ते तसं थेट सांगितलं, "सर, मला जायचंय," आणि पप्पा स्वतः रिक्षातून सोडणार आहेत, असंही सांगितलं. मी म्हटलं, तुझाच जाणार.

प्रदर्शनाच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष दोन तास उशिरा आले. मग नारळ, शाली, हार, भाषण. हारांची फुलं आणि थर्माकोलचा भुगा एकत्र तुडवले गेले आणि हॉलभर एक चिकट, गोडसर वास सुटला. एवढा वेळ ती मुलगी पेला पुसत होती, वितळलेलं पाणी ओतून नवा बर्फ घालत होती. तिचे वडील खाकी शर्टातच दाराशी उभे होते, गिऱ्हाईक सोडून आले असावेत.

अध्यक्ष टेबलापाशी आले. पेल्याकडे पाहिलं नाही. कागदाचा एक हिमकण चिमटीत उचलून म्हणाले, "हे अपुरं दिसतंय. दोन पाकळ्या कुठं गेल्या?"

"सहाच असतात, सर," ती म्हणाली. "पाण्याचे कण तसेच धरतात एकमेकांना."

"मग बाहेर एवढे लटकलेत ते सगळे चुकीचे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. घाबरली म्हणून नाही. हे उत्तर मी द्यायचं आहे, असं समजून. अध्यक्षांनीही पाहिलं. "काय सर?" त्यांच्यामागे मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या, हातात शाल. नोकरीत माझ्या कायम होण्याची फाईल तेव्हा चार महिन्यांपासून अध्यक्षांच्या टेबलावर होती. हे मी इथं सांगतोय ते कारण म्हणून, माफीसाठी नाही. ते सांगतानाही तोंडात घाण चव येते.

मी हसलो. आधी हसलो, हे मला नीट आठवतं. आणि म्हणालो, "तसं दोन्ही चालतं, साहेब."

ते खूश झाले. म्हणाले, "मुलांना अर्धवट शिकवू नका," आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिथं आमच्याच वर्गाचा किसलेल्या थर्माकोलचा हिमालय होता, आत दिव्यांची माळ. त्यांच्या पसंतीनं जिल्ह्याला तो गेला. निकालाच्या कागदावर सहावीच्या रकान्यात 'हिमालय' हा शब्द मी माझ्या अक्षरात लिहिला, कारण माझं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं समजतात.

पांगापांग होत असताना तिचे वडील माझ्याकडे आले. तक्रार करायला येत असतील म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या होत्या. ते म्हणाले, "सर, पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा. पुढच्या खेपेला नीट करंल ती."

"काही नाही चुकलं," मी म्हणालो. "चांगलंच होतं. बघू पुढच्या वर्षी."

त्यांनी दोन्ही हात जोडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि मी गेलोही, खुर्च्या मोजायच्या निमित्तानं. त्या दिवशी मला जगात कुणाची सगळ्यात जास्त शिसारी आली असेल तर ती अध्यक्षांची नव्हे.

पुढचे काही दिवस ती मुलगी वर्गात काही विचारत नव्हती. मीही तिच्याकडे बघायचं टाळत होतो. मग परीक्षा आली. आदल्या दिवशी तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलाशी आली.

"सर, पेपरात हिमकणाचे हात आले तर किती लिहायचे?"

"सहा," मी म्हणालो. "सहाच असतात. तुला माहितेय ना?"

"व्हय." तिनं वही मिटली. "पेपर तुम्ही तपासणार का दुसरं कुणी?"

"मीच तपासणार."

तिनं मान हलवली, वही छातीशी धरली आणि शांतपणे म्हणाली, "मग दोन्ही लिहिते, सर."